स्टॅटिक साइट की डायनॅमिक? २२ घरगुती निवास, फेरीबोटीच्या वेळा आणि आंबा – मजकूर सांभाळायचा कसा?

पोफळीची_बाग | सोमवार, सकाळी ९:२०

दाभोळ ते वेळणेश्वर या पट्ट्यातल्या २२ घरगुती निवासांची मिळून एकच वेबसाइट करायची आहे. प्रत्येक घराचं एक पान, त्यावर ८ फोटो, खोल्या, जेवणाची सोय आणि दर. दर वर्षातून तीनदा बदलतात: एरवीचे, हंगामातले आणि लागून आलेल्या सुट्ट्यांचे. शिवाय दाभोळ–धोपावे फेरीबोटीच्या वेळा, शिमगा आणि जत्रांच्या सूचना, मार्च ते मे आंब्याच्या पेट्यांची मागणी. मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं.

दोन जणांनी दोन प्रस्ताव दिलेत. एक म्हणतो वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर, डायनॅमिक), दुसरा म्हणतो स्टॅटिक करा, होस्टिंगचा (साइट ठेवायच्या जागेचा) खर्चच नाही. मजकूर बदलणारी माणसं तीन, तिघांकडेही फक्त फोन. काय निवडावं आणि का, ते कामाच्या अंगानं समजावून सांगाल का?

जांभा | सोमवार, सकाळी १०:४५

प्रश्न तंत्रज्ञानापासून सुरू करू नका. एक कागद घ्या आणि प्रत्येक माहितीपुढे तीन गोष्टी लिहा: कोण बदलणार, किती वेळा बदलणार, आणि बदल उशिरा दिसला तर कुणाचं नुकसान होणार.

तुमचाच कागद भरून बघू. घराची माहिती आणि फोटो वर्षातून एक-दोनदा, एक दिवस उशीर झाला तरी चालेल. दर वर्षातून तीनदा, एक-दोन तास उशीर चालेल. फेरीबोटीच्या वेळा क्वचित बदलतात, पण चुकीच्या राहिल्या तर माणूस धोपाव्याच्या धक्क्यावर अडकेल, म्हणून तिथे चूक महाग. आंबा आहे की संपला, हे हंगामात रोज. आणि खोली रिकामी आहे की नाही, हे मिनिटामिनिटाला.

म्हणजे मिनिटाला हलणारी गोष्ट एकच. बाकी सगळं सगळ्यांना सारखंच दिसणार आहे. फरक नेमका इथे आहे. डायनॅमिक साइटवर पान उघडलं की सर्व्हरवर (साइट जिथे ठेवलेली असते त्या संगणकावर) पीएचपी नावाचं सॉफ्टवेअर चालू होतं, डेटाबेसला एकामागून एक प्रश्न विचारतं, उत्तरं साच्यात भरून एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला दाखवता येणारं पान, तयार करतं आणि मग पाठवतं. स्टॅटिक साइटवर ते एचटीएमएल आधीच तयार असतं, सर्व्हर फक्त फाईल काढून देतो. घराचं पान हजार जणांनी उघडलं आणि हजारदा तेच तयार होणार असेल, तर ते एकदाच करून ठेवणं बरं. वर्डप्रेसवर वेगासाठी जे कॅशे प्लगइन (वरून जोडायचं जादा सॉफ्टवेअर) बसवतात तेही हेच करतं: तयार पान साठवून ठेवतं.

तुमची पानं मोजली तर २२ घरं, दोन भाषा, म्हणजे ४४. आणखी दहा-बारा विषय दोन भाषांत. सत्तरच्या आत. माझं मत स्पष्ट आहे: पाया स्टॅटिक ठेवा आणि जे खरंच हलतं तेवढंच वेगळं काढा.

वायंगण | सोमवार, दुपारी १२:१०

ह्यां सगळा खरा, पण जांभा, तिघांकडे फक्त फोन आहे हे वाचलंत ना? स्टॅटिक साइट बनवणारा बनवून देतो, आणि पुढच्या दिवाळीला दर बदलायचे झाले की त्यालाच शोधत फिरावं लागतं. तो पुण्याला नोकरीला गेलेला असतो. मग जुने दर तसेच राहतात आणि पाहुणा दारात उभा राहून वाद घालतो. वर्डप्रेसचं बळ त्याच्या वेगात नाही, संपादनाच्या पडद्यात आहे. लॉगिन केलं, पान उघडलं, आकडा बदलला, 'अपडेट' दाबलं, झालं. ते फोनवरूनही होतं.

मात्र त्याचा देखभालीचा भार लपवू नये. वर्डप्रेस म्हणजे मुख्य सॉफ्टवेअर, एक थीम (दिसण्याचा साचा) आणि प्लगइन, ही तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली कामं एकत्र चालतात. महिन्यातून किमान दोनदा अपडेट बघायचे. आधी बॅकअप, मग प्लगइन एकेक करून, मग साइट उघडून फॉर्म भरून बघायचा. सगळे अपडेट एकदम दाबले आणि पान पांढरं पडलं तर दोषी कोण ते कळत नाही. तसं झालंच तर फाईल मॅनेजरमधून प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. तो प्लगइन बंद पडतो, साइट परत उभी राहते, आणि मग शांतपणे शोधता येतं.

प्लगइन दहाच्या आत ठेवा. ज्याचा शेवटचा अपडेट दोन वर्षांपूर्वीचा, तो घेऊच नका. साइट फोडणारे लोक वर्डप्रेसच्या गाभ्यापेक्षा अशा सोडून दिलेल्या प्लगइनमधूनच जास्त शिरतात. आणि नुसता 'बंद' केलेला प्लगइनही सर्व्हरवर पडून असतो, तो पुसायला हवा.

हे सगळं करणारा एक माणूस ठरलेला असेल तर वर्डप्रेस घ्या. नसेल तर घेऊ नका.

सुरंगी | सोमवार, दुपारी ३:३०

वायंगणदादांचा मुद्दा सोळा आणे खरा आहे, पण स्टॅटिक साइट फोनवरून सांभाळता येत नाही असं नाही. तुमची माहिती तक्त्यात बसणारी आहे: घर, गाव, खोल्या, दर, फोन. असं असेल तर गूगल शीट हाच संपादनाचा पडदा होऊ शकतो.

मांडणी अशी. शीटच्या एका पानावर २२ ओळी, एका घराची एक ओळ. रकाने: घराचा क्रमांक, नाव मराठीत, नाव इंग्रजीत, गाव, खोल्या, किती माणसं, तीन दर, जेवण, फोन, चालू की बंद. ते पान सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) म्हणून प्रकाशित करायचं. स्टॅटिक साइट बनवणारं सॉफ्टवेअर, समजा ह्यूगो, बिल्डच्या वेळी (म्हणजे सगळी पानं नव्यानं तयार करताना) ती सीएसव्ही उतरवून घेतं आणि प्रत्येक ओळीचं पान तयार करतं. ०.१२६ आवृत्तीपासून ह्यूगोमध्ये तक्त्यावरून थेट पानं बनवण्याची सोय आहे, जुनी आवृत्ती असेल तर बदला.

आता यात काय बिघडतं ते नीट वाचा, कारण सगळे इथेच अडकतात.

किती माणसं या रकान्यात '२-४' इंग्रजी आकड्यांत टाकलं की शीट त्याची तारीख करून टाकते. फोन नंबरचं सुरुवातीचं शून्य गळतं. म्हणून सुरुवातीलाच हे दोन रकाने 'साधा मजकूर' या प्रकारात ठेवा. दराचे आकडे मात्र इंग्रजी अंकांतच भरा आणि मराठी पानावर देवनागरी अंक साच्यातून दाखवा. नाहीतर कुणी १८०० देवनागरीत लिहील, कुणी इंग्रजीत, कुणी पुढे 'रु.' लावील, आणि दराप्रमाणे क्रम लावला की सगळं विस्कटेल.

रकान्याचं शीर्षक कुणी सुधारलं, समजा 'दर' चं 'दर (हंगाम)' केलं, तर सॉफ्टवेअरला तो रकाना सापडत नाही. पहिली ओळ संरक्षित करा. गाव आणि चालू/बंद यांना यादीतून निवडायची सोय ठेवा, हातानं लिहू देऊ नका. 'हेदवी' आणि 'हेदवी' पुढे एक रिकामी जागा ही संगणकासाठी दोन गावं असतात.

आणि साच्यात असं लिहून घ्या की दर रिकामा असेल तर बिल्ड थांबावा. बिल्ड थांबला तर कालची साइट जशीच्या तशी राहते. अर्धवट पान लोकांसमोर जाण्यापेक्षा ते बरं. स्टॅटिकचा हा फायदा फार कमी लोक सांगतात: चूक घरातच अडते.

पोफळीची_बाग | सोमवार, संध्याकाळी ७:०५

हे फार उपयोगी आहे. सुरंगीताई, शीटमध्ये बदल केला की साइट आपोआप बदलेल का? आणि फेरीबोटीच्या वेळा, जत्रेच्या सूचना यांचं काय? जुन्या सूचना तशाच लटकत राहतात ही मोठी तक्रार आहे.

सुरंगी | सोमवार, रात्री ८:१५

आपोआप नाही, बिल्ड व्हावा लागतो. होस्टिंगकडून एक गुप्त पत्ता मिळतो, त्यावर विनंती गेली की बिल्ड सुरू होतो. शीटला ॲप्स स्क्रिप्ट (गूगलच्या सोयीतला छोटा प्रोग्राम) जोडून त्या पत्त्यावर विनंती पाठवता येते. बहुतेक जण त्यासाठी शीटमध्ये वर एक मेनू बनवतात आणि तिथेच फसतात, कारण असा मेनू फोनच्या शीट ॲपमध्ये दिसतच नाही. तुमच्याकडे तिघंही फोनवाले. म्हणून एका कोपऱ्यात चौकोनी खूण ठेवा, 'प्रकाशित करा'. खूण केली की स्क्रिप्ट चालते, बिल्ड मागते आणि खूण परत काढून टाकते. फोनवर चालतं.

एक बारीक गोष्ट: बदल होताच चालणारं साधं फंक्शन बाहेरच्या पत्त्यावर विनंती पाठवू शकत नाही, त्याला परवानगी नसते. ॲप्स स्क्रिप्टमधल्या ट्रिगरच्या (काय झालं की फंक्शन चालवायचं तो नियम) पानावर जाऊन तो रीतसर बसवावा लागतो आणि परवानगी द्यावी लागते. तो गुप्त पत्ता शीटच्या खणात लिहू नका, स्क्रिप्टच्या गुणधर्मांत ठेवा. प्रकाशित केलेलं पान सगळ्या जगाला दिसतं, म्हणून पाहुण्यांची नावं आणि आगाऊ रकमा त्या फाईलमध्ये ठेवूच नका. वेगळी फाईल करा.

खूण केल्यावर लगेच जुनीच माहिती दिसली तर घाबरू नका. प्रकाशित सीएसव्ही ताजी व्हायला काही मिनिटं लागतात. दर बदला, चहा प्या, मग खूण करा.

जांभा | सोमवार, रात्री ९:४०

सूचना लटकत राहण्याचं मूळ कारण असं की लिहिणारा प्रकाशित करतो आणि काढायचं काम कुणाचंच नसतं. म्हणून प्रत्येक सूचनेला जन्मतःच मुदत हवी. ह्यूगोमध्ये पानाच्या माथ्यावर प्रकाशनाची आणि मुदत संपण्याची तारीख लिहिता येते. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक, १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी, पावसात बंद होणाऱ्या होड्या, शिमगा, सगळ्यांची शेवटची तारीख आधी माहीत असते. माहीत नसेल तर ३० दिवस टाका. तीस दिवसांनी कुणाला तरी पुन्हा बघावं लागेल, तेच हवं आहे.

फेरीबोटीच्या पानावर 'या वेळा अमुक तारखेला धक्क्यावर विचारून तपासल्या' अशी ओळ ठळक ठेवा. तारीख ४५ दिवसांपेक्षा जुनी झाली की साच्यातूनच पिवळी पट्टी दिसावी: 'निघण्यापूर्वी चौकशी करा'. वेळ चुकीची असण्यापेक्षा ती किती जुनी आहे हे लपवणं वाईट.

आता यातले तीन खड्डे.

पहिला. मुदत संपलेलं पान स्टॅटिक साइटवरून आपण होऊन जात नाही, पुढचा बिल्ड झाला तरच जातं. म्हणून रोज एक ठरलेला बिल्ड लागतो. ही वेळापत्रकं बहुतेक ठिकाणी जागतिक प्रमाणवेळेत लिहितात, आपण साडेपाच तास पुढे. रात्री १२:३० ला बिल्ड हवा तर तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे ७ लिहायचे. पानाच्या माथ्यावरच्या तारखेतही भारतीय प्रमाणवेळ नमूद करा, नाहीतर मध्यरात्रीची सूचना पहाटे साडेपाचला उगवते.

दुसरा. ह्यूगो बिल्ड करताना आधीचं तयार फोल्डर रिकामं करत नाही. तेच फोल्डर तुम्ही साध्या होस्टिंगवर चढवत असाल तर जुन्या जत्रेचं पान यादीतून जातं, पण थेट पत्त्यावर जिवंत राहतं आणि गूगलवरून लोक तिथेच येतात. प्रत्येक वेळी कोऱ्या फोल्डरात बिल्ड करा, आणि चढवतानाही सर्व्हरवरची जादा फाईल पुसली जाईल अशी आज्ञा वापरा.

तिसरा आपल्या किनाऱ्यासाठी महत्त्वाचा. गिटहबवर (कोड ठेवायची वेबसाइट) सार्वजनिक भांडारात (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडच्या फोल्डरात) ठरलेल्या वेळेचं काम लावलं असेल आणि भांडारात ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर ते काम बंद केलं जातं. तुमचे बदल शीटमध्ये होणार, भांडारात नाहीत. जून-जुलैत इकडे पर्यटन बंद, कुणी कोडला हात लावत नाही, आणि ऐन गणपतीच्या तोंडावर रोजचा बिल्ड मेलेला असतो. शीटच्या ॲप्स स्क्रिप्टला वेळेचा ट्रिगर लावून तिथूनच रोज बिल्ड मागा, म्हणजे हा प्रश्न येत नाही.

शीड | मंगळवार, सकाळी ८:५०

मराठी मजकुराचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्टॅटिक असो की डायनॅमिक, आपली लिपी काही ठिकाणी हमखास अडते.

पानांचे पत्ते आधी घ्या. वर्डप्रेस मराठी शीर्षकावरून मराठीच पत्ता बनवतं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये ३ बाइटचं, आणि पत्त्यात टक्केवारीच्या खुणांसह त्याचे ९ वर्ण होतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्यासाठी जागा २०० वर्णांची. म्हणजे साधारण २२ चिन्हं, आणि काना-मात्रा, हलन्तही त्यात मोजले जातात. 'वेळणेश्वर समुद्रकिनारी घरगुती निवास' असं शीर्षक दिलं की पत्ता 'वेळणेश्वर-समुद्रकिनारी-घ' इथे तुटतो. असाच तुटणारा दुसरा पत्ता आला की शेवटी २ चा आकडा लागतो. शिवाय व्हॉट्सॲपवर पाठवताना टक्क्यांची लांब माळ दिसते आणि लोक ते बनावट समजून उघडत नाहीत. पत्ता छोटा आणि रोमन लिपीत हातानं द्या, गाव आणि घराचा क्रमांक पुरे. एकदा दिलेला पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावा.

डेटाबेस घेतलाच तर त्याचा वर्णसंच (अक्षरं साठवायचा प्रकार) यूटीएफ८एमबी४ हवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा जुना 'यूटीएफ८' तीन बाइटपर्यंतच जातो. मराठी त्यात बसते, पण कुणी मजकुरात आंब्याचं चित्रचिन्ह टाकलं की ते चार बाइटचं असतं, आणि मजकूर तिथे तुटतो किंवा साठवलाच जात नाही. बॅकअप परत चढवल्यावर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर जोडणीचा वर्णसंच चुकलाय असं समजा, आणि त्या अवस्थेत पुन्हा 'सेव्ह' करू नका. केलंत तर प्रश्नचिन्हंच खरी होतात.

शोध. 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'अ' वर चंद्र देऊन. दिसायला एक, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. म्हणून बिल्डच्या वेळी सगळीकडे पहिला प्रकार करून घ्यायचा. 'ऱ्या'तला 'ऱ' हाही एकच चिन्ह किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा येतो, पण तो प्रमाणीकरणानं एक होतो.

आणि मराठीत शब्द चालतो. 'मालवण' शोधलं तर 'मालवणला', 'मालवणात' सापडेल, कारण सुरुवात तीच. पण 'पाऊस' शोधलं तर 'पावसात' सापडत नाही, 'होडी' शोधलं तर 'होड्या' नाहीत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर शोधशब्दांची एक न दिसणारी ओळ ठेवा आणि अशी रूपं तिथे लिहा. सत्तर पानांना ते एका संध्याकाळचं काम आहे.

गावांची यादी अक्षरानुक्रमे लावताना युनिकोडच्या क्रमात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो. आपल्याकडे तो 'ह' नंतर. ब्राउझरला भाषा मराठी आहे असं सांगून क्रम लावायला लावला तर बरोबर लागतो. पानाच्या एचटीएमएलच्या सुरुवातीच्या खुणेतही भाषा मराठी लिहा, हिंदी नाही. चांगल्या फाँटमध्ये त्यावरून 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं येतात.

फाँट फार घेऊ नका. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटमध्ये अक्षरचित्रं शेकड्यांनी असतात, फाईल जड होते. एकच फाँट, दोन वजनं. आणि फाईल हलकी करायला कुणी त्यातली 'न लागणारी' अक्षरं काढली तर जोडाक्षरांचे तक्ते शाबूत आहेत का ते बघा: 'क्ष', 'द्ध', 'र्‍या', 'ट्र' असलेली एक ओळ लिहून फोनवर तपासा.

जुनी माहितीपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये असतील तर थेट चिकटवू नका. ती युनिकोड नाहीत, रूपांतर करून नंतर माणसानं वाचलीच पाहिजेत. रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात.

वायंगण | मंगळवार, दुपारी १:२५

शीडभाऊ, पत्ता तुटतो तो मुद्दा एक नंबर. मी त्यात फोटोंचं घालतो, कारण घरगुती निवासाची साइट म्हणजे फोटोच.

२२ घरं गुणिले ८, म्हणजे १७६ फोटो. फोनचा फोटो ४ एमबीचा धरला तर ७०४ एमबी. वर्डप्रेस मोठ्या फोटोच्या आणखी सात प्रती करतं: १५०, ३००, ७६८, १०२४, १५३६, २०४८ या मापांच्या, आणि २५६० ला आणलेली एक. मूळ धरून आठ फाईली. १७६ चे १,४०८. थीम आणि प्लगइन आपली मापं वरून वाढवतात. स्वस्त होस्टिंगवर जागा शिल्लक असते, पण फाईलींच्या संख्येची मर्यादा संपते आणि मग नवा फोटो चढत नाही, कारणही नीट दिसत नाही.

चढवण्याआधीच रुंदी १६०० पिक्सेलवर आणा, वेबपी (फोटोची हलकी फाईल), गुणवत्ता ७५. एक फोटो साधारण २०० केबी, सगळे मिळून ३५ एमबी. फोटोतली जागेची आणि फोनची माहिती काढून टाका. पण क्रम लक्षात ठेवा: आधी फोटो सरळ फिरवून घ्यायचा, मग माहिती काढायची. उलट केलं तर उभा फोटो आडवा पडतो, कारण 'मी उभा आहे' हे त्या माहितीतच लिहिलेलं असतं.

स्टॅटिकवाल्यांनी मूळ ४ एमबीचे फोटो गिटमध्ये (कोडच्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) घालू नयेत. नंतर पुसले तरी इतिहासात राहतात आणि भांडार कायमचं जड होतं. मूळ फोटो वेगळ्या ड्राइव्हवर, घराच्या क्रमांकाच्या फोल्डरात.

पोफळीची_बाग | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

मग खोली रिकामी आहे की नाही, आणि आंब्याचे पैसे? यासाठी तरी डायनॅमिक लागेलच ना?

जांभा | मंगळवार, रात्री ९:००

खोलीसाठी शीट वापरू नका, हे आधी सांगतो. दोन जणांनी एकाच क्षणी 'रिकामी' वाचलं आणि दोघांनी 'भरली' लिहिलं, तर शीट कुणालाच अडवत नाही. दुहेरी आरक्षण नेहमी असंच होतं: वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या फटीत. डेटाबेसमध्ये 'खोली आणि तारीख' ही जोडी एकदाच येऊ शकते असा नियम घालता येतो, दुसरी नोंद तो डेटाबेस स्वतः नाकारतो. ही खरी डायनॅमिक गरज.

पण तुम्हाला ती आज आहे का? २२ घरांपैकी काही घरं इतर बुकिंग साइटवरही असतील. तिथलं कॅलेंडर आयकॅलनं (कॅलेंडर एकमेकांना जोडायची पद्धत) जोडलं तरी ते ठरावीक अंतरानं ओढलं जातं, कधी काही तासांनी. लागून सुट्ट्या आल्या की तेवढ्यात खोली दोनदा जाते. प्रत्येक घरमालक आपला फोनच उचलणार असेल तर 'चौकशी करा' हे बटण प्रामाणिक आहे, खोटं कॅलेंडर नाही.

बटण व्हॉट्सॲपच्या दुव्याचं करा. त्यात नंबर देशाच्या ९१ सह, पुढे अधिकचिन्ह नाही, शून्य नाही, मध्ये रेघ किंवा जागा नाही. तयार संदेश मराठीत घालता येतो: घराचा क्रमांक, तारखा, किती माणसं, शाकाहारी की मासे. मालकाला पहिल्याच संदेशात सगळं मिळतं. हे सगळं स्टॅटिक पानावर चालतं.

पुढे ऑनलाइन आरक्षण हवंच झालं तर तेवढाच भाग वेगळ्या उपपत्त्यावर (सबडोमेनवर) डायनॅमिक ठेवा. तो बंद पडला तरी घरांची माहिती, दर आणि फोन दिसत राहतील.

सुरंगी | बुधवार, सकाळी १०:१०

आंब्यासाठी: पेट्यांची मागणी फॉर्ममधून, पैसे पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपनीच्या) दुव्यावरून. कार्डची माहिती तुमच्या साइटवर येतच नाही, ती गेटवेच्या पानावर भरली जाते. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्याला ग्राहकाच्या कार्डचा तपशील साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे तो उद्योग अंगावर घेऊच नका. यूपीआयचा क्यूआर नुसता चित्र म्हणून लावणार असाल तर खाली पैसे ज्याच्या नावावर जातात ते नाव ठळक लिहा, आणि कुणाची रक्कम कुणाची हे जुळवायचं काम माणसाला करावं लागेल हे धरून चला.

मजकुरात एक जबाबदारी. 'हापूस'ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. मानांकनाचं चिन्ह लावायचं तर त्या बागायतदाराची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी. ज्यांची आहे त्यांच्याच पानावर चिन्ह येईल असा शीटमध्ये एक रकाना ठेवा.

होस्टिंगही यावरून ठरतं. गिटहब पेजेस फुकट आहे, साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याला १०० जीबी वाहतुकीची लवचिक मर्यादा, पण ऑनलाइन विक्रीच्या साइटसाठी ते नाही असं त्यांच्या अटींतच आहे. तुम्ही आंबा विकणार, म्हणजे नको. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या फुकट योजनेत महिन्याला ५०० बिल्ड, साइटला २०,००० फाईली, एक फाईल २५ एमबीपर्यंत. रोजचा एक बिल्ड आणि वरचे बदल धरले तरी तुमचे शंभर-दीडशे होतील.

शीड | बुधवार, दुपारी १२:३०

वजनाचा हिशेब जोडतो, कारण घाटाखाली नेटवर्क सगळीकडे सारखं नाही. रेंज पडली की सेकंदाला १०० किलोबिट मिळाले तरी नशीब. त्या वेगानं ३०० केबीचं पान २४ सेकंदांत उघडतं, ३ एमबीचं ४ मिनिटांत. दुसरं कुणी उघडत नाही, पाहुणा मागे फिरतो. म्हणून फोन, दर आणि रस्ता हे पानावर सगळ्यात वर, साध्या मजकुरात. फोटो खाली, आणि खाली सरकल्यावरच उतरतील असे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वीज आणि नेटवर्क दिवसच्या दिवस गेलं होतं. साइटचा सर्व्हर कोकणात नसतो, त्यामुळे साइट चालू राहते, पण 'येऊ नका, रस्ता बंद आहे' हे लिहिणाराच इथे अडकलेला असतो. तिघांपैकी एक संपादक मुंबई-पुण्यातला चाकरमानी ठेवा. शीटमध्ये 'तातडीची सूचना' असा एकच खण असावा, त्यात लिहून 'प्रकाशित करा'ची खूण केली की प्रत्येक पानाच्या माथ्यावर लाल पट्टी यावी. त्याचा सराव मे महिन्यात करून ठेवा.

वायंगण | बुधवार, संध्याकाळी ५:५५

एक मधला मार्गही सांगून ठेवतो. ज्यांना वर्डप्रेसचा पडदाच हवा, त्यांनी वर्डप्रेस कुलपामागे ठेवावं आणि सिंपली स्टॅटिकसारख्या प्लगइननं तयार पानं काढून ती लोकांसमोर ठेवावी. फोडणाऱ्याला लॉगिनचं पान सापडतच नाही. पण वर्डप्रेसचा शोध, प्रतिक्रिया आणि फॉर्म त्या तयार पानांवर चालत नाहीत, ते वेगळे जोडावे लागतात. आणि अपडेटचं काम तसंच राहतं. लांब लेख, बातम्या रोज लिहिणाऱ्यांना ठीक. तुमची माहिती तक्त्याची आहे, शीटच बरी. हे मी वर्डप्रेसवाला असून सांगतोय.

पोफळीची_बाग | बुधवार, रात्री ८:२०

ठरलं: ह्यूगो, शीट, चौकोनी खूण, व्हॉट्सॲपचं बटण. आरक्षण सध्या नाही. बनवणाऱ्याकडून काम संपताना नेमकं काय काय ताब्यात घ्यायचं, तेवढं सांगा.

जांभा | बुधवार, रात्री १०:०५

डोमेन (साइटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता) सगळ्यात आधी. ते बनवणाऱ्याच्या नावावर नको, तुमच्या गटाच्या नावावर आणि गटाच्या ईमेलवर हवं. नूतनीकरण आपोआप होण्यावर ठेवा आणि जोडलेलं कार्ड मुदतीत आहे ना ते दर वर्षी बघा. होस्टिंग, कोडचं भांडार आणि शीट, तिन्हींची मालकी त्याच ईमेलकडे, बनवणारा फक्त संपादक. दुहेरी पडताळणी दोन वेगवेगळ्या फोनवर, आणि फोन हरवल्यास लागणारे रिकव्हरी कोड छापून कपाटात.

ह्यूगोची नेमकी आवृत्ती होस्टिंगच्या सेटिंगमध्ये लिहून गोठवा. ती मोकळी सोडली तर दोन वर्षांनी नवी आवृत्ती येते, जुना साचा तिला समजत नाही आणि एक दर बदलायला गेलात की बिल्ड पडतो.

बिल्ड पडल्याचा ईमेल तिघांनाही जाईल असं लावा, एकट्या बनवणाऱ्याला नको.

शेवटी त्याच्यासमोर बसून परीक्षा घ्या. त्यानं हात लावायचा नाही. तिघांपैकी एकानं फोनवरून एका घराचा दर बदलायचा, दुसऱ्यानं तातडीची सूचना लावून काढायची, तिसऱ्यानं मागच्या आठवड्याची साइट परत आणायची. होस्टिंगच्या यादीत जुने बिल्ड असतात, त्यातला एक निवडून मागे जाता येतं. तिन्ही जमलं की उरलेले पैसे द्या.

सुरंगी | गुरुवार, सकाळी ७:४५

आणि शीटची एक प्रत दर महिन्याच्या १ तारखेला वेगळ्या नावानं साठवा. कोडचा इतिहास गिटमध्ये राहतो, पण दर तर शीटमध्ये आहेत.

पोफळीची_बाग | गुरुवार, सकाळी ८:३०

रकान्यांचा आराखडा आज संध्याकाळी इथेच टाकते. सुरंगीताई, शीडदादा, एकदा नजर घाला.